चार वाजताचा पारा

बाळांनो, तुमच्या बोटांत काचेची एक नळी आहे असं समजा. बोरूपेक्षा बारीक, वीतभरापेक्षा आखूड, आणि एका टोकाला पाऱ्याचा चकचकीत थेंब. ही नळी आजारी माणसाच्या काखेत धरायची, दोन मिनिटं थांबायचं आणि पारा कुठवर चढला ते बघायचं. सोपं आहे ना? आता असं समजा, की तुमच्यासमोर बावीस खाटा आहेत आणि प्रत्येक खाटेशी दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं आहे. चव्वेचाळीस मिनिटं तर तिथेच गेली. त्यात नळी पुसणं, पारा झटकून खाली आणणं, आकडा लिहिणं, कोणी पाणी मागितलं तर पाणी देणं धरा. दुपारचे चार वाजलेत, महिना चैत्राचा आहे, गाव बुऱ्हाणपूर आहे, आणि तुमचे पाय पहाटे साडेपाचपासून जमिनीवर आहेत.

आता तुम्ही विमलच्या जागी उभे आहात.

विमल गावातल्या बुधवारा पेठेतल्या एका शाळामास्तरांची मुलगी. वय एकोणीस. गावातल्या एका दवाखान्याला जोडून नर्सांची छोटी शाळा होती आणि तिथे ती दुसऱ्या वर्षाला होती. पहिलं वर्ष पार पडलं की मुलीला खळ दिलेली पांढरी टोपी मिळायची. विमलला ती मिळून आठ महिने झाले होते, आणि खरं सांगायचं तर अजूनही जाता-येता खिडकीच्या काचेत ती टोपी दिसली की तिची मान आपोआप ताठ व्हायची.

साल सत्तावन्न. आदल्या नोव्हेंबरात राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या होत्या. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, पण राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. परीक्षेचे कागद आजवर नागपूरहून येत. आता ते भोपाळहून येणार होते, आणि कोणत्या मुलींना तिसऱ्या वर्षात बसवायचं त्यांची यादीही तिकडेच पाठवायची होती. अमरावती-मलकापूरकडच्या तीन मुली, आपलं गाव आता दुसऱ्या राज्यात गेलं म्हणून, तिकडच्या शाळांत निघून गेल्या. त्यांच्या वाटच्या खाटा उरलेल्यांच्या वाट्याला आल्या. बायका-मुलांचा अख्खा वॉर्ड दुपारच्या वेळी एकट्या विमलच्या अंगावर असायचा.

ताप बघण्याचा नियम साधा होता. नळी लावायची, रोग्याचा दंड आपल्या हाताने अंगाशी धरायचा आणि दोन मिनिटं तिथेच उभं राहायचं. शाळेच्या मुख्य रंभाबाईंनी तो पहिल्याच आठवड्यात मुलींच्या अंगात भिनवला होता. पण वरच्या वर्गातल्या मुलींनी त्याला एक पळवाट काढली होती आणि ती एकीकडून दुसरीकडे चालत आलेली होती. दोन नळ्या घ्यायच्या. पहिली एका खाटेवर लावून द्यायची, रोग्याला सांगायचं, बाई, हात दाबून धर, आणि आपण पुढच्या खाटेवर दुसरी लावायची. मग मागे यायचं, पहिली काढायची, ती तिसऱ्या खाटेवर. अशा उड्या मारत गेलं की सव्वा तासाचं काम अर्ध्या तासात आटपतं. रंभाबाई दुपारच्या वेळी शिकवायला जात, त्यामुळे बघायला कोणी नसे. विमलही तसंच करी. तिचा हात चांगला बसला होता आणि तिचे तक्ते सगळ्यांत नेटके असत.

अकरा नंबरच्या खाटेवर मनकर्णा होती. नऊ वर्षांची, इच्छापूरची, केळीच्या बागायतदाराची पोर. तिला मोतीझरा झाला होता. मोतीझरा म्हणजे मुदतीचा ताप. यात पोटातल्या आतड्यांना आतून जखमा होतात. त्या भरेपर्यंत रोग्याला पातळच द्यावं लागतं, नारळपाणी, ताक, भाताची पेज. घट्ट घास पोटात गेला तर जखम फाटू शकते आणि मग माणूस हाती लागत नाही. तीन आठवड्यांत मनकर्णा निम्मी झाली होती. डोळे मात्र टकटकीत, आणि तोंड सारखं चालू.

पडून पडून कंटाळलेल्या या पोरीला विमलने एक खेळ लावून दिला होता. तापाचा तक्ता वाचायचा. रोज सकाळी एक ठिपका, दुपारी एक ठिपका, मधे रेघ. "हा बघ असीरगड," विमल म्हणायची, "दुपारी चढायचं, सकाळी उतरायचं. आपल्याला पायथ्याच्या सपाटीवर यायचंय." मग पोरीने नळीचं विचारलं. पारा कसा चढतो, का चढतो. विमलने समजावून सांगितलं, की पारा तापला की फुगतो आणि नळीत वर सरकतो, आणि एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. वॉर्डातली हवाच इतकी गरम असे, की नळी उघडी ठेवली तर कुणाच्या अंगाला न लावताच पारा शंभरावर जाऊन बसायचा. म्हणून नळ्या माठातल्या पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवत. मनकर्णाने तेही विचारून घेतलं. म्हणजे गार लागत राहिलं तर चढतच नाही का? नाही चढत, विमल म्हणाली, आणि हुशार पोरगी आहे म्हणून तिच्या गालाला हात लावून पुढे गेली.

एकदा तिने विचारलं, "ताई, तुमच्या नर्सच्या शाळेत सगळ्यात अवघड इयत्ता कोनती?"

विमलने हसत हसत सांगितलं, की पहिली. पहिले सहा महिने. भांडी उचलायची, पहिल्यांदा रक्त बघितलं की भिंत धरायची, चादरीचा कोपरा चुकला की सगळा बिछाना उचकटून पुन्हा घालायचा. रात्री उशीत तोंड खुपसून रडायचं. एकदा ते सहा महिने गेले की पुढे सगळं उतारावरचं.

"मंग तू आता उतारावर हायेस," मनकर्णा म्हणाली.

आणि खरोखरच चार दिवसांपूर्वी मनकर्णाची रेघही सपाटीवर आली. सकाळचा ठिपका खाली होताच, आता दुपारचाही खाली यायला लागला. सत्त्याण्णव आणि चार, म्हणजे सत्त्याण्णव अंशांवर चार दशांश. दुसऱ्या दिवशी सत्त्याण्णव आणि दोन. तिसऱ्या, चौथ्या दिवशी तसंच. पाचव्या सकाळी डॉक्टर विनायकराव फेरीला आले. त्यांनी तक्ता हातात घेऊन रंभाबाईंना दाखवला, आणि मागे उभ्या असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलींना म्हणाले, तक्ता असा असावा, बघून घ्या. मग त्यांनी हुकूम दिला. गोळ्या आजपासून बंद. उद्या सकाळी मऊ भात. दोन दिवस पचला तर घरी.

रंभाबाई सहसा कोणाची वाखाणणी करत नसत. त्या दिवशी जाताना विमलजवळ थांबून म्हणाल्या, की यादी उद्या भोपाळला जाते आहे आणि तुझं नाव मी वर घातलंय. दुपारी या नव्या मुलीला ताप कसा बघायचा ते तूच दाखव. नवी मुलगी म्हणजे मालू, नेपानगरकडची, महिन्यापूर्वी आलेली. अजून तिला पारा नीट दिसायचा नाही. नळी उजेडात कितीही फिरवली तरी तिला काचच दिसायची.

चार वाजता विमल मालूला घेऊन निघाली. आज एकच नळी. नव्या मुलीला पळवाट कशी दाखवणार? पहिल्या खाटेपासून ती नियमाने करत गेली. नळी लावायची, दंड धरायचा, उभं राहायचं. मालू मागे वही घेऊन उभी, विमल आकडा सांगेल तो लिहायला. दहा खाटा झाल्या. विमलच्या ध्यानात आलं, की असं उभं राहिलं की माणूस बरंच काही बघतो. आठ नंबरची म्हातारी श्वास घेताना एक खांदा उचलते, हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं.

अकरा नंबरला मनकर्णाने नेहमीसारखा हात पुढे केला. म्हणाली, "दे, मी धरते. तू जाय पुढं."

"आज मी उभी राहणार आहे," विमल म्हणाली. "मालूताईला शिकवायचंय."

पोरीचा चेहरा उतरला. तिने दंड अंगाशी घट्ट आवळला. विमलने नळी सरकवण्यासाठी तो हलकेच सोडवला आणि तिच्या बोटांना गार लागलं. झग्याच्या आत, काखेत, कपाळावर ठेवायची कापडाची पट्टी होती. खाटेशेजारच्या वाटीतली. चौघडी घातलेली, ओलीचिंब.

एक क्षण विमलला कळलंच नाही, की हे काय आहे. दुसऱ्या क्षणी चारही दिवसांचे ठिपके तिच्या डोळ्यांपुढे आले. सत्त्याण्णव आणि चार, सत्त्याण्णव आणि दोन. दर दुपारी नळी परत घेताना ती ओली असायची आणि दर दुपारी घाम असेल म्हणून ती पुसून पुढे गेली होती.

मनकर्णा तिच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती.

विमलने पट्टी काढून पदराच्या गाठीत दडवली. मालूला ती दिसली नाही. काख कोरडी केली, नळी लावली, दंड धरला आणि दोन मिनिटं उभी राहिली. त्या दोन मिनिटांत तिला हाताखाली पोरीचं अंग तापलेलं कळलं. नळी काढून तिने उजेडात धरली. एकशे एक आणि दोन.

"किती, ताई?" मालूने पेन्सिल टेकवली.

बाळांनो, इथे जरा थांबा. खरा आकडा विमलच्या हातात होता. तो नुसता मोठ्याने म्हणायचा होता. पण तो म्हटला की मालू विचारणार, काल सत्त्याण्णव आणि आज एकदम एवढा कसा? मग डॉक्टर विचारणार, मग रंभाबाई. मग ती नेटकी रेघ, ती यादी, सकाळी सगळ्यांसमोर झालेलं कौतुक. हे सगळं तिच्या डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? पेन्सिल कागदावर टेकून राहते तेवढाच.

"सत्त्याण्णव आणि चार," विमल म्हणाली, आणि पारा झटकून खाली आणला.

मालूने लिहिलं. मनकर्णाने चटकन मान वळवून विमलकडे पाहिलं. तिला आकडे वाचता येत होते आणि नळी तिच्याही डोळ्यांसमोर होती. मग तिने मान पुन्हा खिडकीकडे वळवली.

उरलेल्या अकरा खाटा विमलने कशा केल्या ते तिला पुढे कधी आठवलं नाही. शेवटी मालू वही मिटत म्हणाली, की ताई, तुम्हाला किती सहज येतं हे. पहिलं वर्ष गेलं की सोपं होत असेल ना? विमल नळी पुसत पुढे निघून गेली.

पाच वाजता भेटीची घंटा झाली. मनकर्णाची आई भागाबाई, मधे एकदा घरी जाऊन आली तेवढं सोडलं तर, तेवीस दिवस दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली बसून होती. तीन दगडांची चूल, एक गोधडी, पाण्याची कळशी. ती आत आली, हात पदराला पुसले आणि पोरीच्या गालावरून फिरवले. मग पुन्हा एकदा फिरवले, या वेळी हाताची मागची बाजू लावून. विमल शेजारच्या खाटेची उशी नीट करत होती. भागाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, पोरीचं आंग जरा तपेल लागून राह्यलं मले."

"ऊन किती आहे बघा ना," विमल म्हणाली. "सगळ्यांचीच अंगं तापलीत."

भागाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग टोपीकडे, मग मान डोलावली. "तुमी म्हन्ता तं असीन. मले काय समजतं." आणि ती पोरीला सांगायला लागली, की उद्या भात मिळणार आहे, मी इथल्या बाईला म्हटलंय थोडं तूप चालेल का विचारून सांग.

विमल वॉर्डाबाहेर आली. मागच्या पडवीत हात धुवायचा नळ होता. तिने नळ सोडला आणि हात धूत राहिली. हातांना काहीच लागलेलं नव्हतं. मालूला द्यायचं राहिलेलं उत्तर आता तिच्या मनात आलं आणि ते तिला आवडलं नाही. पहिल्या वर्षी ती भित्री होती, पण तेव्हा तिच्या पाठीमागे सतत कोणीतरी उभं असे. चूक झाली की ओरडा बसे, आणि चूक तिथल्या तिथे मरून जाई. तिसऱ्या वर्षाच्या मुली निदान मोठ्या जबाबदारीला घाबरून दोनदा बघतात. ही मधली पायरीच वाईट. हात शिकलेले, टोपी डोक्यावर, आणि मागे बघायला कोणी नाही. तिला वाटत होतं, आपण उतारावर आहोत. पोरीनेही तेच म्हटलं होतं.

पट्टी तिच्या पदराच्या गाठीत अजून ओली होती. पोरीवर सगळं ढकलता आलं असतं. लबाडी पोरीने केली, मी काय करू? हा विचार तिला आला, आला नाही असं नाही. पण नऊ वर्षांच्या पोरीला ती लबाडी करायला जागा कोणी दिली? आणि सत्त्याण्णव आणि चार हे आजचं वाक्य तर पोरीचं नव्हतंच.

उद्या सकाळी आठ वाजता भात येणार होता.

रंभाबाई त्यांच्या खोलीत इंजेक्शनच्या सुया दगडावर घासून टोकदार करत बसल्या होत्या. तेव्हा सुया पुन्हा पुन्हा वापरत, आणि हे काम त्या दुसऱ्या कोणाला देत नसत. विमल दारात उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, की अकरा नंबरला ताप आहे, एकशे एक आणि दोन, गोळ्या बंद करायला नको होत्या आणि उद्याचा भात थांबवायला हवा.

रंभाबाईंनी सुई खाली ठेवली. "वहीत किती आहे?"

"सत्त्याण्णव आणि चार."

"कधीपासून?"

"चार दिवस पारा खालीच दिसत होता, बाई. जो दिसला तो मी लिहिला. पण मी खाटेशी उभी नव्हते. नळी तिच्या हातात देऊन पुढे जात होते. आज उभी राहिले तेव्हा खरा आकडा दिसला." ती थांबली. "आज मी खोटा सांगितला."

"चार दिवसांचं मला समजतं," रंभाबाई म्हणाल्या. "ती दोन नळ्यांची पळवाट मला ठाऊक नाही असं वाटतं का तुम्हाला? मला समजत नाही ते आजचं. खरा पारा हातात असताना खोटं का बोललीस?"

"मालू बघत होती."

रंभाबाईंनी घासलेल्या सुया डबीत ठेवल्या. मग विचारलं, की तू उभी नव्हतीस हे ठीक, पण पारा खाली राहिला कसा? पोरीने काय केलं?

"मी उभी नव्हते," विमल पुन्हा म्हणाली.

रंभाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो प्रश्न तिथेच सोडला. त्या उठल्या, मेजावरची यादी काढली आणि सगळ्यांत वरच्या नावावर शांतपणे रेघ ओढली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, यादी उद्या जाईल, तुझं नाव पुढच्या वर्षी बघू. तोवर पहिल्या वर्षाच्या मुलींबरोबर फेऱ्या करायच्या, एक नळी, एक खाट. विमलने मान हलवली आणि टोपीची टाचणी काढायला हात वर नेला.

"राहू दे ती," रंभाबाई म्हणाल्या. "आत्ता मी डॉक्टरांना बोलावते. गोळी सुरू होईल. मग त्या बाईला तू सांगायचंस, मी नाही. टोपी घालूनच सांग. तिने टोपीकडे बघूनच तुझ्यावर विश्वास ठेवला असेल."

ते वाक्य रंभाबाईंनी कुठून आणलं, विमलला कळेना. त्या तर पाच वाजता वॉर्डात नव्हत्या.

डॉक्टर आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, स्वतः ताप बघितला. तक्त्यावरचे चार दिवसांचे दुपारचे ठिपके आणि वहीतला आजचा आकडा लाल शाईने खोडला.  नशीब इतकंच, की भात अजून आलेला नव्हता आणि गोळी एकच चुकली होती. ती त्यांनी विमलच्याच हाताने द्यायला लावली.

मग विमल भागाबाईसमोर उभी राहिली. खाली बघून नव्हे, कारण रंभाबाई दारातून बघत होत्या. तिने सांगितलं, की मावशी, तुमचा हात खरं सांगत होता. ताप होताच. मी नीट बघितला नाही, आणि मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं तरी खोटं बोलले. उद्या भात नाही. घरीही जाता येणार नाही, अजून दहा-बारा दिवस तरी.

भागाबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने पोरीच्या पायावरचं पांघरूण घट्ट धरलं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूच्या चारपाच खाटांवरचं बोलणं थांबलं.

"माझ्या हाताले समजत होतं व ताई. मी माझ्या हाताचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. सकाळी मी सोता भरवनार होती तिले. माझ्या हातानं घास देल्ला असता अन् पोट फाटलं असतं पोरीचं, तं तुमी कागदावर काय लिवलं असतं? सत्त्यान्नव?"

विमलने नजर खाली घातली नाही. ती उभी राहिली.

"तेवीस दिस मी झाडाखाली बसेल हाये. मी कोनाले काई इचारलं? पेज म्हनलं तं पेज, ताक म्हनलं तं ताक. अन् तुमी दोन मिनिटं उभ्या नाई राहू शकल्या?"

ओली पट्टी अजून विमलच्या पदरात होती. गाठ सोडून ती दाखवायला एक क्षणही लागला नसता. भागाबाई पुढेही बोलत राहिली. मधेच ती शहाण्या शिकलेल्या मुलींना टोमणे मारायला लागली, आणि विमलने ते सगळं टोपीखाली उभं राहून ऐकलं. गाठीला हात लावला नाही.

मनकर्णा उशीवर पडून हे ऐकत होती. तिच्याबद्दल ताई आता काहीतरी सांगेल म्हणून ती वाट बघत होती. तापाने तिचे गाल लाल झाले होते आणि ओठ सुकलेले होते. ताईने काहीच सांगितलं नाही. आईचं बोलणं काही थांबेना. तेव्हा पोरीने काय केलं ते ऐका.

ती कोपर टेकवून उठून बसली. तिला उठायची परवानगी नव्हती. दोन्ही हातांनी तिने आईचा दंड धरला आणि हलवला.

"माय, थांब. ताईले नको बोलू. मी काखात वली पट्टी ठेवत होती. रोज. तिनं सांगेल होतं का गार असलं तं पारा चढत नाई, म्हनून मी ठेवली."

भागाबाई बोलता बोलता थांबली. "काहून व? काहून ठेवली?"

मनकर्णाने आधी विमलकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर कडुनिंबाखालच्या चुलीकडे, आणि मग मान खाली घालून बोलली. त्या दिवशी खिडकीखाली तू त्या दुसऱ्या बाईला सांगत होतीस, ती म्हणाली, की तू एक दिवस घरी जाऊन आलीस तेव्हा गोटू तुझ्याकडे आलाच नाही. काकीच्या मागे लपला. तो आता मला ओळखत नाही, असं तू म्हणालीस. मग तू रडलीस. मी ऐकलं.

भागाबाईने तोंडावर पदर घेतला. गोटू तिचा दोन वर्षांचा पोरगा. विमलला हे आत्ता कळलं. तिला वाटलं होतं, पोरीला खेळायला घरी जायचंय.

मनकर्णाने आईच्या तोंडावरचा पदर खाली ओढला. मग पांघरुणातून हात काढून तिने विमलचा हात धरला, तो आपल्या बाजूला खाटेवर ठेवला, आणि आईला म्हणाली, "तू सकाळच्या मोटरनं घरी जाय, माय. गोटूले भेट. मी इथं राह्यते ताईजवळ. मी रडनार नाई."

एवढं बोलून ती पुन्हा आडवी झाली आणि आई हो म्हणेपर्यंत तिच्याकडे टक लावून बघत राहिली.